मशीन चालू झालं म्हणजे खरं बोलायला लागलं असं नाही



आमच्या गटाचं जुनं एनआयआर मशीन काही वर्षं धूळ खात पडलेलं. यंदा भातकाढणीला बाहेर काढलं. बटण दाबलं, आकडा आला: इंद्रायणीचा ओलावा 13 टक्के. सगळे खूश! पण दाणा दाताखाली धरला तर कट् वाजेना. तोच नमुना ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवला. निघाला 15 च्या वर. त्या भरवशावर पोती भरली असती तर भाताला बुरशी लागली असती.

मग एकेक बघितलं. मावळचा पाऊस सोसून आतली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झालेली, काचेवर बुरशीचा पडदा, पांढरी संदर्भ टाइल मळकी. जेल बदललं, काच-टाइल पुसली, दिवा अर्धा तास तापू दिला. फरक कमी झाला, पण गेला नाही. कारण मशीन पाणी मोजत नाही. 1450 आणि 1940 नॅनोमीटरच्या आसपास पाणी किती प्रकाश शोषतं ते बघून जुन्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं. आणि त्यात आमचा भात नव्हताच.

माझं मत स्पष्ट आहे. जुनं मशीन भंगारात घालू नका, पण डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. दर हंगामाला ओले ते कोरडे असे दहा-पंधरा नमुने ओव्हनशी ताडून बघा. फरक सगळीकडे सारखा असेल तर तेवढा वजा-अधिक करून भागतं. फरक कमी-जास्त होत असेल तर आधी दुरुस्ती, मगच भाव.

1987 साली वडगाव मावळच्या केंद्रातून आलेल्या इंद्रायणीने नाव कमावलंय. चुकीच्या आकड्यापायी ते घालवायचं का?