शनीला लागलेली साडेसाती

शनिशिंगणापूरला तुमच्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. निदान एम-३ च्या पेपरआधी तरी! दारं-कुलपं नसलेली घरं, रस्त्याकडेच्या रसवंत्या आणि चौथऱ्यावर उघड्या आभाळाखाली उभी असलेली साडेपाच फुटांची काळी शिळा, हे सगळं तुम्ही पाहिलं असेल. पण ज्याच्या नावानं आपण एवढं तेल वाहतो, तो शनी आभाळात कधी पाहिलाय का? नसेल पाहिला, तर हा लेख तुमच्यासाठी. आणि पाहिला असूनही 'काही खास नाही राव' असं वाटलं असेल, तर नक्कीच तुमच्यासाठी! कारण दोष बहुधा शनीचा नसतो, दुर्बिणीत खुपसलेल्या बार्लो लेन्सचा असतो.

१४ ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. शनिवार आणि त्यात अमावास्या, त्यामुळे दर्शनाला तोबा गर्दी. योगायोगानं शनी त्या दिवसांत कुंभेत होता आणि रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला छान वर यायचा. आम्ही फर्स्ट इयरचे चौघे हॉबी ग्रुपची ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेऊन घोडेगावच्या रस्त्यावर, एका मित्राच्या मामांच्या रसवंतीपाशी उभे राहिलो. 'शनी बघा, फुकट!' एवढं ओरडल्यावर रांग लागायला कितीसा वेळ लागणार?

आमच्याकडे नवाकोरा ३एक्स बार्लो होता. प्लॅस्टिकचा, स्वस्तातला. खोक्यावर 'पॉवर'चा मोठ्ठा आकडा छापलेला. वर्गणी काढून घेतलेली वस्तू, मग लावायलाच हवी! रांगेतल्या पहिल्याच आजींनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काही दिसंना रे पोरा. नुसता ढगाचा गोळा हाय."

मागचे चार-पाच जण भिडस्त निघाले. "छान छान" म्हणून पुढे सरकले. मी स्वतः पाहिलं तर खरंच गोळा! जांभळट कडा असलेला, थरथरणारा. वैतागून बार्लो काढला आणि नुसता १० मिलिमीटरचा आयपीस लावला. शनी लहान झाला, पण कडं एकदम लख्ख! पुढचे काका ओरडलेच, "अरे, खरंच कडं आहे की!" आणि त्यांनी बायकोला हाक मारली. मी आजींना शोधायला वळलो, तोवर त्यांची जीप निघून गेली होती. आयुष्यात कदाचित एकदाच त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, आणि आम्ही त्यांना ढगाचा गोळा दाखवला. ते मला अजून खटकतं.

आता जरा गणित. (घाबरू नका, केटी लागणार नाही.) आमच्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ ९०० मिलिमीटर. तिला आयपीसच्या फोकल लेंग्थनं भागलं की वर्धन मिळतं. २५ च्या आयपीसनं ३६ पट, १० च्यानं ९० पट. बार्लो हे अंतर्गोल भिंग. पीटर बार्लो (१७७६–१८६२) या इंग्लिश गणितज्ञाचं नाव त्याला मिळालं. आरशाकडून येणारा प्रकाशाचा शंकू ते कमी निमुळता करतं, म्हणून ९०० ची दुर्बीण २एक्सनं १८०० सारखी वागते. पण दुर्बिणीची खरी ताकद तिच्या व्यासात असते. दर मिलिमीटरला साधारण दुप्पट, हा ठोकताळा. म्हणजे आमची मर्यादा २२८ पट, तीही हवा स्थिर असेल तर. आणि आम्ही ३एक्स आणि १० चा आयपीस लावून २७० वर जाऊन बसलो होतो! त्यात ते भिंग एकच, म्हणून प्रत्येक रंग थोडा वेगळ्या ठिकाणी फोकस होणार. जांभळी कडा तिथूनच आली.

दुसरी भानगड पृथ्वीच्या फिरण्याची. मोटर नसलेल्या दुर्बिणीत ग्रह सरकत राहतो. साध्या ५० अंशी आयपीसमध्ये २७० पटीला शनी पाऊण मिनिटात पार निघून जातो. ७२ पटीला तोच पावणेतीन मिनिटं थांबतो. रांगेत लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. डोळा नेमका कुठे लावायचा हे कळण्यातच त्यांचं अर्धं मिनिट जातं.

मग बार्लो घ्यायचाच नाही का? माझा एक मित्र हेच म्हणतो. त्याच्या मते सरळ ५ मिलिमीटरचा आयपीस घ्यावा, मधे जास्तीची काच कशाला? मुद्दा चुकीचा नाही. पण साध्या प्लॉसल जातीच्या ५ च्या आयपीसला डोळा जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांची पंचाईत होते. उलट २५ चा आयपीस आणि २एक्स बार्लो लावला तर ७२ पट मिळतं, आणि डोळा आरामात लांब ठेवता येतो. शिवाय आमची दुर्बीण एफ/८ ची एफ/१६ होते, आणि अशा मंद शंकूत स्वस्त आयपीससुद्धा कडेपर्यंत बरा चालतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : बार्लो स्वस्त घ्या, पण २एक्स आणि दोन भिंगांचा, म्हणजे ॲक्रोमॅटिकच घ्या. तेवढे पैसे नसतील तर थांबा. प्लॅस्टिकचा ३एक्स फुकट मिळाला तरी नको. तीन भिंगांचा सेलेस्ट्रॉन एक्स-सेल किंवा चार भिंगांचा टेलिव्ह्यू पॉवरमेट उत्तमच, पण आपल्या दुर्बिणीसाठी ते म्हणजे लुनाला मर्सिडीजची चाकं!

घेताना काय बघायचं? बार्लोमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. एकट्या भिंगाला दोन पृष्ठभाग, म्हणून दोनच प्रतिबिंबं दिसतात. चिकटवलेल्या जोडभिंगात तिसरं, अंधूकसं दिसतं. नळीची आतली बाजू काळी हवी, चकाकली तर परत करा. दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरच्या कडेला जांभळी झालर दिसतेय का ते तपासा. (सूर्याकडे मात्र चुकूनही नाही!) नळी सव्वा इंची हवी. आणि '२एक्स' हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. वर्धन = १ + (बार्लो ते प्रतिमा अंतर ÷ बार्लोची फोकल लेंग्थ). मधे डायगोनल आला की अंतर वाढतं, वर्धनही वाढतं. पडताळायचं असेल तर एखादा तारा पूर्ण दृश्यक्षेत्र ओलांडायला किती सेकंद घेतो ते बार्लो लावून आणि काढून मोजा. भागाकार हेच उत्तर. फिजिक्स लॅबमध्ये याहून कंटाळवाणे प्रयोग केलेत आपण!

त्याहून सोपं म्हणजे विकत घेण्याआधी दुसऱ्याचा वापरून बघा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला गेलात तर एका रात्रीत खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त कळेल.

कुणी म्हणेल, एका भिंगासाठी एवढा काय कीस काढायचा? तर ऐका. १६१० मध्ये गॅलिलिओला त्याच्या दुर्बिणीतून शनी तीन गोळ्यांसारखा दिसला. ते कडं आहे हे ह्युजेन्सनं छापलं ते १६५९ मध्ये. अस्पष्ट प्रतिमेनं गॅलिलिओसारख्या माणसाला चकवलं, तिथं आजींची काय कथा? त्या रात्री रांगेत एकजण म्हणाले होते, "माझी कुंभ रास. साडेसाती चालू आहे." बार्लो काढल्यावर त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "हा इतका शांत दिसतो?" नंतर ते तेलाची बाटली घेऊन दर्शनाला गेले. आम्ही काही बोललो नाही. बोलायचं कारणच नव्हतं, जे सांगायचं ते शनीनंच सांगितलं होतं. ढगाच्या गोळ्याला ते जमलं नसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो, या वेळी ॲक्रोमॅटिक २एक्स आणि २५ चा आयपीस घेऊन. (आणि एक कापडही! तेलाची बोटं आयपीसला हमखास लागतात.) कडं तेव्हा बारीक झालं होतं. मार्च २०२५ मध्ये ते पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसणार होतं, त्याची तयारी. तरीही एक चौथीतली मुलगी पाहताक्षणी म्हणाली, "दादा, बुंदीच्या लाडूत काडी घातलीय!" बरोबर ओळखलं तिनं.

आता ते कडं पुन्हा हळूहळू उघडतंय, २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद दिसेल. ग्रुपच्या पुढच्या बॅचला एवढंच सांगणं : वर्गणी काढाल तेव्हा खोक्यावरचा आकडा बघू नका, रांगेतल्या पहिल्या आजी आठवा.