कलम गेले, बोल राहिले

भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड, दोहोंकडे उसाचा हिरवा मुलूख, आणि त्या मुलुखात मांडवगण फराट्यासारखी गावे, जेथे माणसाच्या अब्रूचा निवाडा कचेरीत जाण्यापूर्वीच पारावर, दूध डेअरीवर आणि एसटीच्या थांब्यावर होऊन गेलेला असतो. अशा गावात ज्याचे मन मुलींकडे न जाता मुलांकडे जाते त्या पोराला आपल्या स्वभावाची ओळख पटण्याच्या कितीतरी आधी त्या स्वभावाला मिळणाऱ्या शिव्यांची ओळख झालेली असते. या उलट्या क्रमातच त्याच्या पुढच्या सगळ्या दुःखाचे मूळ आहे, आणि ते आपल्या रोजच्या बोलण्याने रुजवलेले आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

यावर पहिली हरकत घेतली जाते ती थट्टेच्या नावाने. कबड्डीत चढाईला जाऊन बाद झालेल्या गड्याला 'बांगड्या भर' म्हटले, हळू आवाजात बोलणाऱ्याला 'बायल्या' म्हटले, भांडणातून मागे सरणाऱ्याला 'छक्का' म्हटले, तर त्यात कोणाच्या लैंगिकतेचा विचारही नसतो, असे सांगतात; आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेष नसतो, हे मीही मान्य करतो. परंतु शिवीचे बळ बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसते. ज्याची उपमा दिली तो माणूस हीनच, हे बोलणारा, ऐकणारा आणि भोवतालचे सर्वजण आधीपासून गृहीत धरून चालतात, म्हणून ती शिवी लागू पडते. बाद झालेला गडी अंगावरची माती झटकतो, हसतो आणि विसरतो. कारण तो शब्द त्याचा नव्हताच. लागतो तो रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याच पोराला, ज्याला कोणी काही बोललेले नाही आणि जो सर्वांच्या आधी, सर्वांहून मोठ्याने हसला आहे. चालताना हात किती हलवायचे, हसताना आवाज किती चढू द्यायचा, कोणत्या मित्राकडे किती वेळ पाहायचे, याचा जमाखर्च तो त्या दिवसापासून मनात मांडू लागतो. साक्षीपुरावा नाही, आरोपीचा जबाब नाही, आणि फैसला मात्र झालेला. याला थट्टा म्हणणे हे थट्टेवरही अन्याय करणारे आहे.

आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतील गुणा हा पहिलवानी अंगाचा गडी तमाशात नाच्या होतो आणि केवळ त्या सोंगापायी गावाची हेटाळणी सोसतो. 2010 साली ही कथा पडद्यावर आली तेव्हा महाराष्ट्र तिच्यासाठी हळहळला. ज्यांना सोंगापायी झालेला छळ समजला, त्यांना सोंग नसलेल्या, जन्मजात स्वभावापायी होणारा छळ समजणार नाही, असे मानण्यास मी तयार नाही.

दुसरे म्हणणे असे की हे सारे परदेशातून शहरात आणि शहरातून खेड्यात आलेले खूळ आहे. येथे इतिहासाचे दप्तर उघडले पाहिजे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 377 वे कलम 1860 च्या दंडसंहितेत इंग्रजांनी घातले. तेव्हा परकीय म्हणायचेच झाले तर ते त्या कलमालाच म्हणावे लागेल. माणसे मात्र येथलीच होती. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवीत होते, आणि वाचक आपल्या मनातील लैंगिक शंका, त्यांत समलिंगी आकर्षणाच्याही, त्यांना पत्राने विचारीत. त्या प्रश्नोत्तरांवरून खटला झाला, तेव्हा 1934 साली कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू न्यायालयाने मानली नाही आणि कर्व्यांना दंड झाला. परंतु विचारणारे होते, हे तर त्या खटल्यानेच शाबीत केले.

कायद्याने आता सर्व दिले आहे, असे म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर पुरे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी विवाहाचा हक्क देण्यास मात्र नकार दिला. आणि दिला असता तरी न्यायालयाचा अंमल ओट्यावर चालत नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत निरुत्साही युक्तिवाद: गावाची जीभ बदलत नसते. ती बदलते, आणि आपल्याच डोळ्यांदेखत बदलली आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव करून आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास 500 रुपये दंड ठरवला. दंडाचा मार्ग मला स्वतःला फारसा रुचत नाही, कारण दंडाने शिवी कुजबुजीत शिरते. पण बोलणे हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय आहे, हे एका खेड्याने स्वतःहून मानले, याचे मोल मोठे आहे.

शिवी काढून घेतली तरी तिच्या जागी काही ठेवावे लागते. 'समलिंगी' हा शब्द निर्मळ आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली स्थापलेल्या समपथिक ट्रस्टने आणि त्यांच्या पुस्तकांनी त्याला मराठीत प्रतिष्ठा दिली आहे. तरीही तो अजून वर्तमानपत्रात आणि दवाखान्यात राहतो, डेअरीच्या रांगेत येत नाही. रांगेतल्या मराठीला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. 'त्याचं मन पोरीवर नाही, पोरावर बसतं,' हे वाक्य कोणत्याही आजीला समजेल आणि तिच्या तोंडी शोभेलही. शिक्षकाने वर्गात, कीर्तनकाराने सप्ताहात ते एकदा खाली मान न घालता उच्चारले, तर कित्येक पोरांना आपल्याविषयी कोणी शिवीवाचून बोलू शकते हे प्रथमच कळेल. मुलीवर मन बसलेल्या मुलीची तर गोष्टच निराळी. तिच्या वाट्याला शिवीसुद्धा नाही, कोणी काही विचारण्याआधीच तिचे लग्न उरकलेले असते.

मुलाला मात्र लग्नाचे विचारले जाते, आणि त्या विचारण्यातच मला सर्वांत मोठी आशा दिसते. चुलते पुतण्याला विचारतात, 'काय रं, औंदा बार उडवायचा का? कुठली पोरगी हेरलीस?' आणि पोरगा मान खाली घालून रानात निघून जातो. त्याच चुलत्यांनी, त्याच मायेने, 'कुणी हाय का रं मनात?' असे विचारले, तर 'कुणी' म्हणजे मुलगी की मुलगा हे ठरवण्याची मुभा पुतण्याकडे राहते. त्याने त्या दिवशी उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. दिले तर मात्र ते पुरते ऐकून घेण्याची आणि घरात दुसऱ्या कोणी त्याच्यावर आवाज चढवला तर त्याच्या बाजूने बोलण्याची तयारी चुलत्यांनी आधी करून ठेवावी.