गावाची खोली आणि गावचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की आमच्या शेतकरी-कारागीर घरांत पेढे वाटतात. आठ दिवसांत पेढ्यांची गोडी ओसरते आणि बाप विचारात पडतो, की पोराला मुंबईस धाडावे तर ते राहणार कोठे आणि जेवणार काय? कॉलेजची फी कशीबशी भरता येते. कित्येकांस ती माफही होते. पण फी माफ झाली म्हणून पाठ टेकण्यास जागा मिळत नाही. आमची मुले मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून, असे म्हणणारे शहाणे अजून आहेत. त्यांनी एकदा रात्री वरळीच्या अभ्यासगल्लीत फेरी मारावी. घरात पाय पसरण्यास जागा नाही म्हणून मुले रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक धरून बसलेली दिसतील. बुद्धी कमी असती तर ती सुखाने घरी झोपली असती!

मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली निघाले. रयतेच्या कराचा पैसा वरच्या विद्येवर उधळला जातो आणि त्याचा लाभ वरचे वर्गच घेतात, हे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे रोखठोक सांगितले. जोतीराव नुसते बोलून थांबले नाहीत. परगावच्या मुलांस त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि सावित्रीबाईंनी त्यांस आईच्या मायेने वाढले. शाहू महाराजांनी तोच धडा गिरवला. १९०१ साली कोल्हापुरास मराठा बोर्डिंग निघाले व पुढील काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार, अस्पृश्य अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. शाळा काढली म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे, मुलाच्या भाकरीची व अंथरुणाची सोय हीच बहुजनांची खरी शाळा, हे त्या राजाने ओळखले होते.

आमच्या परळचेच पाहा. सुभेदार रामजी आंबेडकर चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड करून होते. मुलाने रात्री लवकर निजावे, बापाने दोन वाजेपर्यंत जागे राहून मग त्याला अभ्यासास उठवावे आणि स्वतः आडवे व्हावे, असा त्या घरचा क्रम. त्या खोलीतून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजास सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये दिले, तेव्हा बी.ए.ची पदवी हाती आली. बाबासाहेब ही गोष्ट विसरले नाहीत. १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरविले. पुढे वडाळ्यास सिद्धार्थ विहार हे वसतिगृह झाले. तेथे जमलेल्या तरुणांनी १९७२ च्या दलित पँथरच्या चळवळीत केवढी खळबळ उडविली, हे सर्वांस ठाऊक आहे. मुले एकत्र राहिली, एकमेकांशी बोलली, की अशा गोष्टी घडतात.

सरकार काहीच करीत नाही असे आम्ही म्हणणार नाही. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ साली सावित्रीबाईंच्या नावाने आधार योजना आली. ज्यास सरकारी वसतिगृहात जागा नाही त्यास मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरविले. त्यांत जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि किरकोळ खर्चाचे ८,०००. आता हिशेब करा. राहण्यास महिन्याला १,६६६ रुपये पडतात. एवढ्यात गिरगावात किंवा दादरला कोण अंथरूण टाकू देतो? दोन वेळच्या जेवणास दिवसाचे ८७ रुपये. तेही वेळेवर हातात पडले तर! शिवाय फॉर्म भरणे, दाखले काढणे, कचेरीत खेटे घालणे, हे मुंबईत नवख्या पोराने एकट्याने करावयाचे.

आणि म्हणून आम्ही वाचकांचे लक्ष त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेकडे वेधतो. लालबाग, परळ, करी रोड, शिवडी या भागांत आजरा, चंदगड, गडहिंग्लज, सातारा, कोकण येथील कित्येक गावांच्या खोल्या आहेत. गिरण्यांच्या काळी गावच्या माणसांनी वर्गणी काढून त्या घेतल्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या ट्रंका, पाळीपाळीने झोप आणि जेवण खानावळवालीकडे. १९८२ चा संप बुडाला, गिरण्या गेल्या, माणसे गावी परतली. खोल्या मात्र राहिल्या. त्या खोलीचे घामाने पैसे भरणाऱ्याचा नातू आज मुंबईत जागेसाठी वणवण करतो, आणि आजोबाच्या खोलीत रात्री पत्ते व टीव्ही चालतो. ह्याला काय म्हणावे?

आता तर त्या खोल्यांवर मोठी वेळ आली आहे. जुन्या चाळी पडून मनोरे उभे राहत आहेत. बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे ठरले. वरळीस पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टात दिल्या गेल्या. जागा वाढली, तसा लोभही वाढणार. खोली साऱ्या गावाची, पण भाडेपावती कोणा एकाच्या नावावर. तो माणूस सज्जन होता म्हणून कोणी लिहून घेतले नाही. तो वारला, आता त्याचे वारस म्हणतात, खोली आमच्या बापाची. कोठे मंडळीच म्हणतात, विकून टाकू आणि वाटून घेऊ. वाटणीला माणशी जे येईल ते दोन लग्नांत उडून जाईल. खोली मात्र पुन्हा होणे नाही.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. दारावर पाटी गावाची, आत ट्रंका मात्र एकाच भावकीच्या, असे पुष्कळ ठिकाणी झाले. गावात वेस वेगळी होती, तशी मुंबईत चाळ वेगळी झाली. सत्यशोधकांचे नाव घ्यावयाचे व सुताराच्या, चांभाराच्या, बौद्धाच्या पोराला ‘जागा नाही’ म्हणावयाचे, हे ढोंग आता पुरे. १९२४ साली साताऱ्यास भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले, त्यांत सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. ती पंगत मोडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. तुमचे तर काही मोडावयाचे नाही. एक कोपरा, एक दिवा आणि रात्री नवानंतर शांतता, एवढेच मागणे आहे.

मुलींचे काय? २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. चांगले झाले. पण २०२३ च्या जूनमध्ये चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हापासून कित्येक आया मुलीस मुंबईला धाडण्यास कचरतात, आणि त्यांस दोष कसा द्यावा? पुरुषांच्या खोलीत मुली राहू शकत नाहीत. म्हणून एका तालुक्यातील दहा-पाच गावांच्या मंडळांनी मिळून एक घर केवळ मुलींसाठी ठेवावे व तेथे जाणत्या बाईची नेमणूक करावी. अशा बाया मुंबईस नव्या नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते खानावळवाल्या बायांच्याच बळावर. गिरणीकामगारांना ज्यांनी जेवू घातले, त्यांच्या लेकीसुनांना दहा मुलींचा सांभाळ जड जाणार नाही.

शिमग्याला व जत्रेला मुंबईकर गावी येतात. यंदा पालखी उठण्यापूर्वी देवळापुढे सर्वांनी बसावे, मुंबईच्या मंडळाचा हिशेब मागावा आणि खोलीची भाडेपावती आज कोणाच्या नावावर आहे ते सर्वांदेखत मोठ्याने वाचून घ्यावे. वाचण्यास बारावी पास झालेल्या पोरीलाच उभे करावे.