अकरावे माणूस

सत्यजित राय यांच्या ‘अशनि संकेत’ (१९७३) या चित्रपटाच्या शेवटाविषयी आपल्याकडे एक समजूत चांगलीच रुजली आहे. अस्पृश्य मोती भुकेने मरते; ब्राह्मण गंगाचरण तिचा हात हाती घेऊन नाडी पाहतो, तिची उत्तरक्रिया करण्यास सिद्ध होतो; अर्थात जातीची भिंत कोसळली व माणुसकी जिंकली, असा तो अन्वयार्थ. उत्तरपत्रिकांतून तो इतक्यांदा भेटतो की, त्याचा उगम आम्हा अध्यापकांच्या टिपणांतच असावा, असा संशय येतो.

प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. गंगाचरणाचा स्पर्श मोतीला लाभतो तेव्हा तिला अन्नाची गरजच उरलेली नसते. त्याच्यातील पालट खरा आहे, परंतु तो उशिरा आलेला आहे, आणि हा उशीर हाच या शेवटाचा खरा विषय होय.

त्यानंतर वृद्ध ब्राह्मण आपले अवघे कुटुंब घेऊन दारी येताना दिसतो. आता आपण दोघांचे दहा होणार, असे गंगाचरण म्हणतो. अनंगा स्मित करून त्याची बेरीज दुरुस्त करते: अकरा. ती गर्भवती आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरील या चित्रपटात हे स्मित आशेचे खरेच. पण ज्या घरात तांदूळ नाही तेथे अकरावे माणूस म्हणजे अकरावे तोंडही. राय दोन्ही अर्थ एकत्र ठेवतात, निवाडा देत नाहीत.

मग त्या कुटुंबाच्या छायाकृतींची गर्दी होते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: १९४३ च्या मानवनिर्मित दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक बळी. काहींना हा उपसंहार कलाबाह्य वाटतो. शिवाय आकडाही वादग्रस्त आहे. १९४५ च्या चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख मानले, तर अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सुमारे तीस लाख. तथापि अनंगाच्या मोजणीलगतच ही दुसरी मोजणी यावी, हा योगायोग नव्हे. एक घरातली, येणाऱ्यांची. दुसरी दप्तरातली, गेलेल्यांची.

आणि छुटकी? भाजलेल्या चेहऱ्याच्या जदूबरोबर ती तांदळासाठी शहराकडे निघून गेली आहे. ती त्या लाखांत नाही. या अकरांतही नाही.