खुर्ची त्यांची, शिरा आमच्या

साड्यांच्या दुकानात दहा-बारा तास उभ्या असणाऱ्या पोरीच्या पोटऱ्या बघा. निळ्या, फुगलेल्या, पिळलेल्या शिरा. डॉक्टर म्हणतो व्हेरिकोज व्हेन्स, शेठ म्हणतो नखरे. पायातलं रक्त हृदयाकडं वर चढवायला पोटरीचा स्नायू हलावा लागतो. शिरेतल्या झडपा रक्त मागं येऊ देत नाहीत. एकाच जागी उभं केलं की रक्त साचतं, झडपांवर ताण. घराण्यातून, बाळंतपणातूनही हे येतं. पण शेठनं उभं करणं हे नशीब नव्हे.

हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही. २०१८ साली तैवानचा अभ्यास छापून आला: अशा शिरा असलेल्यांत पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका पाचपट. शिराच कारण हे सिद्ध झालेलं नाही, पण गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस जातो.

केरळात कोझिकोडची शिंपीण विजी बायांना घेऊन लढली. २०१८ला तिथं बसण्याचा हक्क कायद्यात आला, २०२१ला तामिळनाडूत. साधी खुर्चीसुद्धा लढूनच मिळते! मग मागा. आणि एक पाय अचानक सुजला, दम लागला, तर मोर्चाची वाट बघू नका. तडक इस्पितळ गाठा.