हरलेल्यांचेही दप्तर

लंडनमध्ये १९२१ साली आयरिश स्वातंत्र्याच्या वाटाघाटी झाल्या, तेव्हा आयरिश शिष्टमंडळाचे चिटणीस होते अर्स्किन चाइल्डर्स. झालेला तह त्यांनी मानला नाही. पुढे यादवीत, नोव्हेंबर १९२२ मध्ये, स्वकीयांच्याच सरकारने त्यांना गोळ्या घालून देहदंड दिला. त्यांचे खासगी कागद मात्र आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सुरक्षित आहेत. एवढेच नव्हे, १९४७ ते १९५७ या काळात तेथील शासनाने स्वातंत्र्यलढ्याच्या १७७३ साक्षी लिहून घेतल्या. त्यांत साधे सैनिक होते, स्त्रियाही होत्या.

वऱ्हाडाला आयर्लंड परके नव्हते. लोकमान्यांच्या होमरूल चळवळीचे नावच तिथले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्यांचे जिवलग सहकारी. १९२० मध्ये लोकमान्य गेले, असहकाराचे वारे सुटले आणि दादासाहेबांनी वेगळी वाट धरली. लोकमताच्या दृष्टीने ती हरलेली बाजू! पण त्यांची रोजनिशी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, म्हणून त्या बाजूचेही म्हणणे आज वाचता येते.

मोर्शीच्या जुन्या वाड्यांतील माळ्यांचे काय? आजोबांची पत्रे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. अडचणीची पत्रे तर त्याआधीच चुलीत. आजोबा ‘चुकीच्या’ बाजूला होते, हे नातवाला कळू नये म्हणून. ही कसली पितृभक्ती? कार्यकर्त्यांना घरोघरी जाण्याची सवय आहेच. येत्या दिवाळीपूर्वी मोर्शीत एक फेरी जुन्या कागदांसाठी व्हावी. मोडी वाचणारी माणसे अजून सापडतात.