बाहेर जाणारं पोतं

मागच्या आठवड्यात काकांनी पुन्हा विचारलं, "ऑफिसात तू नेमकं करतोस तरी काय?" काकांचं आयुष्य हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळद विकण्यात गेलं. म्हणून म्हटलं, "काका, मी फाटकावरचा वॉचमन. आत कोण येतं ते सगळेच बघतात, मी बाहेर जाणारं पोतं बघतो." काकांना लगेच पटलं. पावतीशिवाय पोतं बाहेर जाऊ देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

आमच्या धंद्यात मात्र उलटं आहे मंडळी! फायरवॉल बसवायचा, बाहेरून येणारं बंद करायचं, आणि आतून बाहेर जायला मोकळं रान. २००४ साली एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत आलेला फायरवॉल फक्त येणारंच अडवायचा. आजच्या विंडोजमध्ये जाणारं अडवायची सोय आहे, पण नियम आपण लिहीपर्यंत दार उघडंच. मग कोणी मेलमधली भलतीच फाइल उघडली, की आत शिरलेला प्रोग्राम निवांत आपल्या मालकाला खबर पाठवत बसतो.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा संध्याकाळी सहाला म्हणाला, "सर, तेवढं एनी-एनी करून टाका, उद्या काढू." म्हणजे कोणत्याही मशीनला कुठेही, कोणत्याही पोर्टवर जायची परवानगी. घरी जायची घाई होती, टाकलं. तो 'उद्या' अकरा महिन्यांनी उगवला! इंटरनेट हळू का चालतंय म्हणून बघायला गेलो, तर अकाउंटचं एक मशीन ऑफिस बंद असताना अनोळखी पत्त्यावर काहीतरी पाठवत होतं. साहेबांनी एकच विचारलं, "काय काय गेलं?" मला उत्तर देता आलं नाही. जाणाऱ्याची नोंदच मी ठेवली नव्हती. ती शांतता अजून आठवते...

आमचं ऑफिस लहान, पण मोठ्यांचंही असंच होतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण आठवतंय? ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ ऑगस्टला स्विफ्टवरून हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. एका नियमाने हे सगळं थांबलं असतं असं मी म्हणणार नाही. पण आत बसलेल्या चोराला बाहेरच्या साथीदाराशी बोलावं लागतंच, आणि तिथेच तो सापडू शकतो.

म्हणून आता आमचे सर्व्हर ठरलेल्या मोजक्या पत्त्यांवरच जातात. पोर्ट २५ फक्त मेल सर्व्हरला, डीएनएसची चौकशी फक्त आमच्याच सर्व्हरमार्फत. बाकी बंद, आणि बंद दारावर कोण धडकलं त्याची नोंद. नवा नियम आधी दोन आठवडे नुसता नोंदीवर ठेवतो, मग बंद करतो. नाहीतर पगाराच्या दिवशीच काहीतरी अडकतं. :) पोर्ट ४४३ उघडं ठेवावंच लागतं आणि चोरही तिथूनच जाऊ शकतो, त्यामुळे हा रामबाण उपाय नव्हे.

खरा वाद पुढेच आहे. हाच फायरवॉल बऱ्याच ठिकाणी छडी म्हणून वापरतात. यूट्यूब बंद, क्रिकेटचा स्कोअर बंद, की झाली सुरक्षा! कारण कोणी सांगत नाही. मग लोक मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात आणि ऑफिसचं मशीन फायरवॉलला वळसा घालून बाहेर. आपणच भिंतीला भगदाड पाडून घेतलं की नाही? शिस्त लावायची तर साहेबांनी समोर बोलवून बोलावं. ते काम फायरवॉलच्या गळ्यात मारू नये.

माझं मत सरळ आहे. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहा: कोणी मागितला, कशासाठी, आणि कधी काढायचा. आणि ज्याचं अडवलं त्याला कारण सांगा. हे शेवटचं काकांनीच सुचवलं बरं का. "पोतं अडव," म्हणाले, "पण माणसाला ताटकळत ठेवू नको."

असो. तुमच्या ऑफिसात शेवटचं 'उद्या काढू' कधी काढलं होतं? जाऊन बघा एकदा.